हत्यारांचे कपाट

मराठीत सैनिकाच्या हातातील वस्तूला हत्यार म्हणतात आणि सुताराच्या हातातील वस्तूलाही हत्यारच म्हणतात. रंधा, पटाशी, करवत, वाकस ही सारी सुताराची हत्यारे. खंडेनवमीला ती स्वच्छ पुसून पाटावर मांडली जातात, त्यांना हळदकुंकू लावले जाते, झेंडूची फुले वाहिली जातात. एके काळी ज्या दिवशी तलवारीची पूजा होई, त्याच दिवशी करवतीचीही होई. भाषेने आणि परंपरेने या दोन्ही वस्तूंना एका नावाखाली आणले, त्यामागे एक जाण असावी. धारेचा गुण एकच असतो. ती घडवते की इजा करते, हे तिच्यामागच्या हातावर ठरते. परंतु हत्यार दिवसाचा बहुतेक वेळ हातात नसतेच. ते कोठेतरी ठेवलेले असते. हातात नसलेल्या हत्याराला कोणी सांभाळायचे, हा प्रश्न एरवी टापटिपीचा वाटतो. आमच्या भागात २०१८ च्या हिवाळ्यात तो झोपेचा प्रश्न झाला.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, एकमेकांना लागून असलेले तालुके. पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेला डोंगर, सागाचे जंगल आणि वारली पाडे, उत्तरेला गुजरातची सीमा. २०१८ च्या नोव्हेंबरात धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरू लागली. एक मोठा धक्का आणि नंतर शांतता, असे या भूकंपाचे रूप नव्हते. लहान लहान धक्क्यांची माळच सुरू झाली. शास्त्रज्ञ अशा प्रकाराला भूकंपमालिका म्हणतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले आणि त्यांतील सर्वांत मोठ्या धक्क्याची तीव्रता रिश्टर मापनात ४ च्या पुढे गेली. भूकंपाचे केंद्र उथळ असल्यामुळे हादऱ्याबरोबर जमिनीतून सुरुंग फुटल्यासारखा आवाज येई. आकड्यांच्या हिशेबात हे भूकंप मोठे नव्हते; पण घरांना तडे गेले, आणि थंडीच्या दिवसांत कितीतरी कुटुंबे घर असूनही तंबूत किंवा अंगणात झोपू लागली. मी ज्या शाळेत शिकवतो तिचे वर्गही काही दिवस आम्ही झाडाखाली भरवले.

माझे घर तलासरी तालुक्यात आहे. पुढची पडवी आणि ओटी विटांची, मागचा जुना भाग कुडाचा, वर कौले. माझे वडील सुतार होते. नांगर, बैलगाड्या, दारे-खिडक्या यांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्यामागे त्यांची हत्यारे पडवीत राहिली, आणि शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करण्याचा छंद मला लागला तो त्या हत्यारांमुळेच. ती त्यांनी मांडली होती तशीच होती. भिंतीवर एक लांब फळी, तिच्यावर चार रंधे आणि पटाश्यांचा डबा. फळीखाली खिळ्यांना टांगलेल्या करवती. वडील न पाहता हात लांबवीत आणि हवे ते हत्यार त्यांच्या मुठीत येई. त्या फळीपासून दोन हातांवर आईची खाट होती. धक्का आला की सर्वांत आधी करवत बोले. टांगलेले पाते भिंतीवर थरथरे, त्याचा बारीक किणकिणाट होई आणि आई उठून बसे. एका रात्री फळीच्या कडेचा रंधा सरकून खाली आला आणि खाटेच्या पायाशी पडला. कोणाला लागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, “हे सगळं लोखंड आधी घराबाहेर काढ. नाहीतर एखाद्या सुताराला देऊन टाक. त्याच्या तरी हाताला येईल.”

आईला ती हत्यारे नकोशी नव्हती. वडिलांच्या प्रत्येक पटाशीची मूठ केव्हा बदलली, हे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. तिचे म्हणणे एवढेच होते की ज्या छपराखाली धारदार लोखंड डोक्याच्या वर टांगलेले आहे, त्या छपराखाली झोप लागणार नाही. हे खरे होते. हत्यारे घराबाहेर ठेवली तर ती हत्यारे राहणार नाहीत, हेही तितकेच खरे होते. आमच्याकडचा पाऊस चार महिने हवा ओली ठेवतो आणि समुद्राकडून येणारा वारा खारा असतो. उघड्या छपरीत ठेवलेल्या पटाशीवर एका पावसाळ्यात गंज चढतो. रंध्याचा लाकडी तळ फुगतो आणि तो सरळ रेषा सोडतो. म्हणून निर्णय एकच उरला. हत्यारे घरातच राहतील, पण आईच्या झोपेला त्यांचा धाक राहणार नाही, असे कपाट करायचे. कपाटाचा आराखडा काढायला बसलो तेव्हा माझ्यापुढे हत्यारांची यादी होती आणि तिच्या शेजारी ही एक अट.

हत्यारांचे कपाट कागदावर काढण्याआधी जमिनीवर मांडावे लागते. मी प्रत्येक हत्यार जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून त्याची आकृती कापून घेतली आणि त्या आकृत्या ओटीवर पसरल्या. त्या रोज हलवत गेलो. मांडणीची तीन तत्त्वे एकमेकांशी भांडत होती. पहिले तत्त्व प्रकाराचे: रंधे रंध्यांजवळ, करवती करवतींजवळ. दुसरे हाताचे: जे रोज लागते ते खांद्यापासून कमरेपर्यंतच्या टप्प्यात. तिसरे वजनाचे: जे जड ते खाली. स्थिर जमिनीवर राहणारा माणूस पहिल्या दोन तत्त्वांवर आपले कपाट सहज उभे करतो. हलणाऱ्या जमिनीवर तिसऱ्याला आधी मान द्यावा लागतो. वजन वर असलेली वस्तू हादऱ्याने लवकर कलंडते, आणि उंचावरून पडणारी वस्तू अधिक जोराने आदळते. म्हणून शिकंजा, घण, मोठे हातोडे आणि खिळ्यांचे डबे तळाशी गेले. रंधे जड, पण रोजचे. त्यांना मधला कप्पा मिळाला. गिरमिट, गुण्या, कानशी, फूटपट्ट्या असे हलके सामान वर गेले. वडिलांची मांडणी पूर्णपणे हाताच्या तत्त्वावर होती. त्यांच्या काळात जमिनीने कधी मत दिले नव्हते.

कपाटाची मापे ठरली: उंची ४ फूट, रुंदी ३ फूट, खोली १ फूट. उंची खोलीच्या चौपट असलेली वस्तू धक्क्यात पुढे झुकते. तिचा माथा कोणत्यातरी आधाराला बांधणे भाग असते. आधार म्हणून डोळ्यांसमोर विटांची भिंत होती. याच सुमारास शेजारचे एक वारली काका आमच्या भिंतीचा तडा पाहायला आले. पडवीच्या कोपऱ्यात विटांमधून वरपासून खालपर्यंत रेघ गेली होती; मागच्या कुडाच्या भिंतीवरून मात्र केवळ शेणामातीचा लेप थोडा गळला होता. काकांनी दोन्ही भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाले, “गुरुजी, ही हलली म्हणून राहिली. ती हलेना, म्हणून फुटली.”

मी वर्गात भूकंपाचा धडा अनेकदा शिकवला आहे. त्यातला मुख्य मुद्दा काकांनी दोन वाक्यांत सांगितला. कुडाची भिंत कारवीच्या काटक्यांची असते. त्या काटक्या खांबांमध्ये आडव्या बांबूंना बांधतात आणि त्यांवर माती व शेण लिंपतात. वारल्यांची चित्रे मूळची याच भिंतींवरची. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग शोभतो तो या लिंपणाच्या तांबूस पार्श्वभूमीवर. अशी भिंत हलकी असते आणि तिच्या बंधांना थोडी ढील असते. हादरा आला की ती डोलते, आवाज करते, माती टाकते आणि पुन्हा उभी राहते. मातीत रचलेल्या विटांच्या भिंतीला वजन भरपूर आणि डोलण्याची मुभा मात्र नाही. मी कपाट विटांना ठोकण्याचा विचार सोडला. ओटी आणि पडवी यांच्यामधल्या सागाच्या खांबाला दोन लोखंडी पट्ट्यांनी, आरपार बोल्ट घालून, कपाटाचा माथा जखडला. कपाटाची पाठ आणि विटांची भिंत यांच्यात मात्र एक इंचाची फट ठेवली. खांब डोलेल तसे कपाट डोलेल, आणि भिंतीवर आदळणार नाही. काय जखडायचे आणि काय मोकळे सोडायचे, हे ठरवणे म्हणजेच बांधणे, ही गोष्ट मला त्या फटीने शिकवली.

लाकूड हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगत असते. कपाटासाठी मी डहाणूच्या एका वखारीतून जुना साग आणला. पाडलेल्या घराची वासे-चौकट होती ती. जुन्या सागाने कितीतरी पावसाळे पाहिलेले असतात, पण म्हणून तो हलायचा थांबलेला नसतो. हवेतील ओल वाढली की फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. रुंद फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी घट्ट ठोकली तर पहिल्या उन्हाळ्यात ती स्वतःलाच फाडते. म्हणून जुने सुतार दार करताना आधी चौकट करीत. चौकटीचे कोपरे साल आणि कुसू घालून पक्के सांधीत, आतल्या कडेला खोबण काढीत आणि मधली फळी त्या खोबणीत नुसती सरकवीत. तिला ना सरस, ना खिळा. चौकट दाराचा आकार धरून ठेवते. फळी तिच्या आत श्वास घेते. दीडशे वर्षांची दारे आजही नीट लागतात, ती या सैल फळीमुळे. माझ्या कपाटाची दोन्ही दारे आणि पाठ अशीच केली.

वखारीत सागाचा भाव घनफुटावर सांगतात. त्या घनफुटांमागे आमच्या तालुक्याचा एक इतिहास आहे. डहाणूच्या जंगलातला साग तोडणारे, वाहणारे हात वारल्यांचे होते, आणि त्या हातांना कित्येक पिढ्या वेठीचे काम करावे लागले. १९४५ साली आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तोंड फुटले. पुढे गवतकापणी आणि जंगलतोड यांच्या मजुरीसाठी संप झाले. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मराठीच्या अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. ज्या गावांची नावे त्यात येतात, त्या गावांतील मुले माझ्या वर्गात बसतात. जुन्या वाशावर रंधा फिरवला की वरचा काळपटपणा जाऊन आत सोनेरी लाकूड उघडे पडते आणि सागाचा तो उग्र-गोड वास येतो. त्या वासाबरोबर मला नेहमी हे आठवते की हत्यारे केवळ सुताराच्या घरात नव्हती. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून जंगलात जाणाऱ्या माणसाचे तेही एक हत्यार होते, आणि त्याने ठेवायची जागा अंगावरच केली होती.

आतल्या रचनेत प्रत्येक हत्याराला एकच प्रश्न विचारला: जमीन हलली तर तू कोठे जाशील? पटाश्यांसाठी जाड पट्टीत खोल खाचे पाडले. पाते लाकडाच्या आत, मूठ बाहेर. हादऱ्याने ती उडून बाहेर पडायची तर तिला तीन इंच सरळ वर उठावे लागेल. रंध्यांसाठी कप्प्याची फळी आडवी न ठेवता मागच्या बाजूला उतरती ठेवली आणि पुढच्या कडेला पट्टी मारली. रंध्याचे वजनच त्याला मागे रेलून बसवते. वरच्या प्रत्येक कप्प्याच्या तोंडाला बोटभर उंचीचा कठडा आला. करवती खिळ्यावरून उतरल्या आणि खालच्या भागात एका ठोकळ्यातील फटींमध्ये, दाते खाली करून, उभ्या राहिल्या. लोहचुंबकाच्या पट्ट्या बाजारात मिळतात आणि दिसायलाही सुबक असतात, पण हादऱ्यात त्यांच्यावर भिस्त ठेवणे मला पटले नाही. दारांना काच लावली नाही. ती आपोआप उघडू नयेत म्हणून मध्यभागी फिरती लाकडी खिटी आणि वर एक कडी लावली. लोखंडाला महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवतो. बंद कपाटात ते तेल पावसाळाभर टिकते.

हत्यारांच्या कपाटांच्या जगात हेन्री स्टडली या अमेरिकन कारागिराचे नाव मोठ्या आदराने घेतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्विन्सी येथे पियानो बनवण्याच्या धंद्यात असलेल्या या माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भिंतीवर टांगायची एक पेटी घडवली. पुस्तकासारखी उघडणारी, महॉगनी आणि शिसवीची, आबनूस आणि शिंपल्याच्या जडावाची. तिच्यात शेकडो हत्यारे एकात एक अशी बसवली आहेत की बोट शिरायलाही जागा उरत नाही. तिची छायाचित्रे पाहून कोणीही थक्क होईल. पण त्या पेटीत नव्या हत्याराला जागा नाही. ती एका माणसाच्या पुऱ्या झालेल्या आयुष्यासारखी आहे. मला दुसरा एक आदर्श जवळचा वाटला आणि तो आमच्याच तालुक्यांच्या परिसरातला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर बहरले. मॉन्टेसरींच्या विचारात प्रत्येक साधनाला ठरलेली जागा असते आणि ती मुलाच्या हाताच्या टप्प्यात असते. ताराबाईंनी हा विचार आदिवासी पाड्यांत आणला, तेव्हा बिया, शंख, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनाच त्यांनी साधने केले. वस्तू ठरलेल्या जागी असली की मूल ती घेते, वापरते आणि न सांगता परत ठेवते. शिस्त अशा वेळी जागेतून येते, धाकातून येत नाही. शनिवारी दुपारी शाळेतली काही मुले माझ्याकडे लाकूडकाम शिकायला येतात. त्यांच्यासाठी एक कप्पा खाली, त्यांच्या उंचीला केला: लहान हातोडी, कानस, काचकागद. पटाश्या मात्र खिटीच्या वर राहिल्या. आणि प्रत्येक ओळीत एक-दोन खाचे रिकामे ठेवले.

कपाट उभे राहिल्यावर जमीन शांत झाली नाही. पुढच्या वर्षांतही धक्के अधूनमधून येत राहिले. पहिला धक्का आला त्या रात्री मी पडवीत धावलो. आई खाटेवर उठून बसलेली होती. कपाट खांबाबरोबर हलले होते, दारे बंद होती, आत काहीही पडले नव्हते. मला वाटले, आता ती निश्चिंत होईल. तिने कपाटाकडे पाहिले आणि विचारले, “अरे, करवत वाजलीच नाही. आता कळायचं कसं?” या प्रश्नाचा मी आराखड्यात विचारच करू शकलो नसतो, कारण तो तिच्या रात्रींतून आला होता. ज्या आवाजाने तिची झोप मोडत होती, तोच तिला वेळेवर जागेही करीत होता. लोखंड सुरक्षित झाले आणि त्याबरोबर घराचा एक कान बंद झाला.

उपायही तिनेच काढला. माळ्यावर आमच्या एका बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा जुना पट्टा होता. तो तिने पुसून माझ्या हातात दिला आणि कपाटाच्या कोपऱ्यावर, खांबाच्या बाजूला, मोकळा लोंबेल असा टांगायला लावला. त्याला भिंत लागता कामा नये, दार लागता कामा नये, वाऱ्यानेही तो उगाच वाजता कामा नये. केवळ खांब हलला तर वाजावा. जागा नक्की करायला आम्हांला दोन दिवस लागले. कपाटातील साऱ्या रचनेत जितकी काळजी घेतली तितकीच त्या एका सैल टांगलेल्या वस्तूसाठी घ्यावी लागली. पडले तर इजा करील असे सारे आत, आपापल्या खाच्यात घट्ट; आणि हलले तर सावध करील असे एक बाहेर, मोकळे. त्यानंतर आईने खाट हलवण्याचा किंवा हत्यारे देऊन टाकण्याचा विषय काढला नाही.

शनिवारी मुले काम संपवून निघतात तेव्हा कपाटाची दारे उघडीच असतात. मुले आपापले हत्यार पुसून जागेवर ठेवतात. दारे लावण्यापूर्वी मी एकदा ओळींवरून नजर फिरवतो. एखादा खाचा रिकामा दिसला की ते हत्यार अजून अंगणात, लाकडाच्या भुशात कोठेतरी पडले आहे हे कळते, आणि कोणीतरी धावत जाऊन ते आणते. जे खाचे मी मुद्दाम रिकामे ठेवले होते, त्यांतील एकात आता एक लहान पटाशी आहे. एका मुलीने शेताजवळ सापडलेला पोलादाचा तुकडा घासून, दगडावर धार लावून ती केली आणि मूठ म्हणून बाभळीची फांदी तासून बसवली. मूठ किंचित तिरपी आहे. खाचा तिच्या मापाचा करून घ्यायला मला थोडे लाकूड तासावे लागले.